दुर्वाचे गाल

रावेर, ४ ऑगस्ट २०२५

चि. नूतन हिस भाऊचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. केळीच्या पॅकिंगला दिवसभर पाण्यात उभं राहून मांडीला गजकर्ण झालं होतं. इथल्या मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, दोन दिवसांत खाज गेली. आपल्या दुर्वाला लंगोटाच्या जागी लाली आली, तेव्हा तीच लावली. दोन महिने झाले, सकाळ-संध्याकाळ मीच लावतो. सातव्या महिन्यात नात अशी गुबगुबीत झाली आहे की बठ्ठी गल्ली, लहानथोर सगळी, तिला बघायला येते. फोटो पाठवतोय. तुझ्या औषधांच्या दुकानातून सवड मिळाली तर येऊन गालगुच्चा घे.

तुझा भाऊ,
अभिमन

धुळे, ७ ऑगस्ट

ती. अभिमनभाऊ, सा. न. वि. वि.

फोटो पाहिला. लगेच तुमच्या सूनबाईला, मेघाला फोन करून ट्यूबवरची नावं वाचून घेतली. भाऊ, त्यात बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टेरॉइड आहे. कोवळ्या कातडीतून ते अंगात उतरतं. पोरीचा चेहरा बाळशानं भरलेला नाही, सुजला आहे. ट्यूब आपल्या मनानं एकदम बंदही करू नका. आजच तिला जळगावला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, ट्यूब सोबत ठेवा. मेघाला सांगितलंच आहे, पण तुम्हाला माझ्या हातानं लिहायचं होतं. कठोर लिहिलं असेल, तर धाकटी म्हणून पोटात घाला.

तुमची,
नूतन

रावेर, २ सप्टेंबर

चि. नूतन, अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तेच निघालं. तिच्या अंगात जे स्टेरॉइड आपोआप तयार व्हायचं, ते या ट्यूबमुळे बंद पडलं होतं. मोठा ताप आला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून मला दाखवलं. कोणी लावलं, असं त्यांनी मेघाला विचारलं. मीच सांगितलं, मी लावलं.

आठ दिवस दवाखान्यात काढले. आता तोंडातून औषध चालू आहे, ते हळूहळू कमी करायचं. सूज उतरते आहे. माझं गजकर्ण मात्र ट्यूब सोडल्यावर कमरेपर्यंत पसरलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं साधं बुरशीचं मलम पंधरा दिवसांपासून लावतोय, आता आटोक्यात आहे.

घरी आल्यापासून मी पोरीला हात लावला नव्हता. परवा डॉक्टरांनी माझी कातडी तपासून हरकत नाही म्हटलं, तरी हात धजेना. काल मेघानं तिला माझ्या मांडीवर ठेवलं, खोबरेल तेलाची वाटी पुढे केली आणि कानाशी येऊन म्हणाली, आबा, तुम्हीच चोळा. मी बोटं तेलात बुडवली आणि पोरीच्या पायांपासून सुरुवात केली. मेघा उठून गेली नाही, शेजारीच बसली.

भावावर माया असू दे.

अभिमन