सोमवारी लाट नसते

३ फेब्रु. १९६९, सोम.
वसंता प्रयोगशाळेतून पाचलाच घरी. "अक्का, आज पण लाट नाही." जेवला नाही. चौतिशीच्या भावाला अजून 'जेव' म्हणावं लागतं. घर आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या फाउंड्र्यांना, लोखंड ओतायच्या कारखान्यांना, सोमवारची सुट्टी. गल्ली शांत.

५ फेब्रु., बुध.
शाळेतून परस्पर त्याच्या प्रयोगशाळेत. चार वर्षांत पहिल्यांदा. हवा उपसलेली हातभर काचेची नळी, आत गुलाबी उजेड. घन, द्रव, वायू, आणि ही चौथी अवस्था: प्लाझ्मा. कण फुटून सुटे होतात, म्हणाला, तरी लांबून एकमेकांना ओढत-ढकलत राहतात. थोडे हलले की सगळे हलतात.
मला उजेड स्थिर दिसला. लाट फक्त यंत्राच्या पडद्यावर, हिरवी रेघ वर-खाली. "बाहेरून कोणी ढकललेली नाही, अक्का. आतलीच आहे." त्याचा पीएच.डी.चा प्रबंध या एका वाक्यावर उभा.
शामराव, तिथले जुने मदतनीस: "बाई, सरांनी नळीयेवढं पोरींकडं बघितलं असतं तर आज दोन पोरं असती की!" वसंता हसला. बऱ्याच दिवसांनी.

१० फेब्रु., सोम.
लाट नाही. नळीतली हवा उपसणाऱ्या पंपाचं तेल बदललं. प्रबंध द्यायला अठरा दिवस.

११ फेब्रु., मंगळ.
लाट आली. तेलामुळे, म्हणतो. टायपिस्टसाठी स्वच्छ प्रत मी करते आहे. पान ९२.

१३ फेब्रु., गुरु.
सहज ही वही मागे चाळली. 'वसंता लवकर आला, लाट नाही': २० जाने., २७ जाने., ३ फेब्रु., १० फेब्रु. चारही सोमवार. चारही दिवशी फाउंड्र्या बंद. त्यांची आणि नळीची वीज एकाच तारेवरची.
मी मराठी शिकवते. मला यातलं काय कळतं.
पान ९३ उतरवायला घेतलं. झालं नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
वही त्याच्यापुढे ठेवली. तारखांवर बोट फिरवत राहिला.
"म्हणजे मी चार वर्षं फाउंड्र्यांच्या मोटारींचे विजेतले धक्के मोजले."
"तसंच असेल असं नाही."
"तू गप्प बसली असतीस तर?"
गप्प बसायचं ठरवून पाहिलं होतं, एक रात्र.

१७ फेब्रु., सोम.
लाट नाही. तेलाला कोणी दोष दिला नाही. शामराव म्हणाले म्हणे, "मग तारच नगं. आमच्या गावाकडं, गारगोटीला, रेडिओ बॅटरीवरच चालत्यात की. करतो गोळा." बिनतारेची नळी. तरीही लाट आली तर आतली.

२० फेब्रु., गुरु.
मीही गेले. टेबलावर रेडिओच्या बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. त्यातल्या दोन बॅटऱ्यांवर अजून दसऱ्याच्या पूजेचं कुंकू. नळी पेटली. बाहेर फाउंड्र्या घणघणत होत्या. वसंता पडद्याकडे पाठ करून उभा. "अक्का, तू बघ."
रेघ सरळ. बराच वेळ सरळ. मग थरथरली. मी "वसंता" म्हणेपर्यंत उजेड विझला. बॅटऱ्या बसल्या होत्या.
लाट होती की विझण्याआधीची धडपड, सांगता येईना. मला नाही, त्यालाही नाही.
"शामराव, आणखी मिळतील?"
"नेसरीला मेव्हणा हाय माझा. बघतो."
घरी येऊन वसंता जेवला. मी प्रत पुढे सुरू केली. 'लाट आतलीच आहे' हे वाक्य आलं तिथे एक ओळ कोरी सोडली.