बेवारस डिस्क

धाराशिव,
मंगळवार

प्रिय अमरदादा,

पत्र बघून आधी तू हसशील. फोन असताना दिपीला हे काय सुचलं, म्हणशील. फोन करून बघितला रे. तू उचलतोस, "बोल दिपे, जेवलीस का" म्हणतोस, आणि मी जेवले म्हणून सांगते, आणि मग आपण भाजीवर बोलतो. मेसेज लिहिला तर तीन ओळींत तो इतका वाईट दिसायला लागला की पुसून टाकला. म्हणून कागद घेतला. एकच कर, हे मामीसमोर वाचू नकोस. तिला नुसता माझा कागद दिसला तरी ती "मोठ्यानं वाच की" म्हणेल. शेतात घेऊन जा आणि एकटा बसून वाच.

माझं बरं आहे. रुद्रम्मा, म्हणजे माझी घरमालकीण, दोन वेळचं जेवण देते आणि दोन्ही वेळा लग्नाचं विचारते. ढोकीच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, रस्त्यावर एस.टी.ला पुढं जाता येत नाही, त्यामुळे तेरला यायचं दोनदा ठरवून राहून गेलं. हे खोटं आहे. ट्रॅक्टरांमुळे राहिलं नाही, मला यायचं नव्हतं. मामीचे गुडघे कसे आहेत? तेल लावून घेते का, की बाटली फडताळात ठेवून लावलं म्हणून सांगते?

आई गेल्यावर मामानं मला तेरला आणलं तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते, आठवतं? तुझ्या आरोहीनं दुसऱ्या दिवशी माझी वेणी घातली, इतकी घट्ट की डोळे ओढले गेले, आणि तू आम्हा दोघींना एका सायकलवर बसवलंस, ती पुढं दांडीवर आणि मी मागं. पाऊस होऊन गेला की आपण पांढरीच्या टेकाडावर जुने मणी वेचायला जायचो. चांगला मणी तुला सापडला तर तो तू हळूच आरोहीच्या पायाजवळ टाकायचास आणि मला डोळा मारायचास. ती ओरडत सगळ्या आळीला दाखवत फिरायची. ही चलाखी मला माहीत होती, म्हणून माझ्या पायाजवळ कधी मणी सापडला की मी तुझ्याकडं बघायची. तू तेव्हा आभाळाकडं बघत असायचास. मला भाऊ नव्हता, आणि नव्हता असं मला कधी वाटलंही नाही.

आता ज्याच्याबद्दल आपण वर्षभर बोललो नाही ते बोलते. मागच्या थंडीत आरोही माकणीच्या धरणात सापडली. लग्न झाल्यापासून रणधीर तिला मारायचा, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. त्या दिवशी तिनं माकणीचं सासर सोडलं. फोन रणधीरनं आदल्या आठवड्यातच आपटून फोडला होता. शाळेत तिच्याबरोबर गणित शिकवणारा बुद्धघोष तिला मोटरसायकलवर घेऊन निघाला, हे गावातल्या दोघांनी बघितलं. त्यानं पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं, की बाईंना मी धाराशिवच्या स्टँडसमोर सोडलं आणि तासाला परत यायचं होतं म्हणून लगेच फिरलो. त्या चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागवलं गेलं, तर त्या दिवसाचं काहीच नाही, डिस्क कोरी. मग ती शेवटची दिसली ती त्याच्या गाडीवर, आणि त्यानंतर पाण्यात. फिर्याद तू दिलीस. रणधीरनंही मान डोलावली, त्याला काय, सुटला. बुद्धघोष कुठल्या वस्तीतला आहे हे कळल्यावर गावाला तर पुरावाच लागला नाही. तेव्हापासून तो आत आहे.

त्याची आई पुतळाबाई आमच्या ऑफिसच्या फाटकाशी येऊन बसते. शहरातल्या कॅमेऱ्यांचं काम आमच्या कंपनीकडं आहे हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. मी आरोहीची बहीण आहे हे तिला माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. वॉचमन तिला उठवायचा, ती पलीकडं जाऊन बसायची. एकदा मला थांबवून म्हणाली, "लेकी, त्या यंत्रात समद्याचं फोटू ऱ्हातेत म्हणं. माझ्या लेकाचंच कसं न्हाय ऱ्हायलं? तितं आला व्हता म्हणतोय त्यो. माझं लेकरू लबाड न्हाय गं, बाकी लई हट्टी हाय." मी म्हटलं, बघते. असं म्हणायची सवय असते आपल्याला. ती दुसऱ्या दिवशी आली आणि विचारलं, "बघितलंस का?"

दादा, माझं काम नेमकं काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस, "कंप्युटरचं" म्हणून सांगतोस सगळ्यांना. आज थोडं ऐकून घे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण ज्या सर्व्हरवर दिसतं, ते त्याच्या पोटात नसतं. शेजारी डिस्कांनी भरलेली एक मोठी पेटी असते, तिला स्टोरेज म्हणतात. तिच्यात जागेचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला, म्हणजे व्हॉल्यूमला, तो तयार होतानाच एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो. तो कधी बदलत नाही. सर्व्हर मात्र त्यांना स्वतःची नावं देतो, एसडीए, एसडीबी, एसडीसी, अशी. आणि ती नावं सुरू होताना जो आधी सापडेल त्याला आधी, या हिशोबानं देतो. म्हणजे समज, मास्तर पोरांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत, बाकावरच्या जागेनं ओळखतात. एक नवा पोरगा येऊन मध्ये बसला की सगळ्यांची नावं सरकली. ज्याला शहाणपण आहे तो सर्व्हरवरच्या नावावर विसंबत नाही, ओळख क्रमांक विचारतो आणि पेटीतल्या क्रमांकाशी ताडून बघतो. एवढंच काम. कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही.

आरोही गेली त्याच आठवड्यात पेटीत एक नवा, कोरा व्हॉल्यूम जोडला होता. मग त्या दिवसानंतर कधीतरी वीज गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि नावं सरकली. स्टँडच्या चौकाचं चित्रीकरण ज्या नावाखाली असायचं, त्या नावाखाली कोरा येऊन बसला. माझ्या आधी इथं बंडप्पा होता, त्यानं नाव बघितलं, उघडलं, रिकामं दिसलं, आणि तसं लिहून दिलं. त्यात त्याचा काही डाव नव्हता, घाई होती. खरा व्हॉल्यूम कुठल्याच नावाला लागला नाही, तसाच पेटीत पडून राहिला. नीट चाललं असतं तर महिन्याभरात त्याच्यावर नवं चित्रीकरण चढून जुनं पुसलं गेलं असतं. तो कुणाच्या लक्षात नव्हता म्हणून वाचला. गेल्या आठवड्यात वरून हुकूम आला, की जागा कमी पडतेय, जे व्हॉल्यूम कुणाचेच नाहीत ते पुसून वापरायला घ्या. आमच्याकडं त्यांना बेवारस म्हणतात. मी पुसायच्या आधी एकेक ताडत बसले. पुतळाबाई फाटकाशी नसती तर बसले असते का, माहीत नाही. एकाचा क्रमांक कुठंच लागेना. जोडून उघडला, तर स्टँडचा चौक, आणि कोपऱ्यात ती तारीख.

ती आली, दादा. बुद्धघोषच्या मोटरसायकलवरून उतरली, पिशवी छातीशी धरलेली. त्यानं काहीतरी विचारलं, तिनं नको म्हणून हात हलवला, आणि तो वळून गेला. तो सांगतो तसंच, अक्षरशः तसंच. मी खुर्चीवरून उठून पाणी प्यायले आणि रडले. मला आनंद झाला होता, खरं सांगते. पुतळाबाईला आत बोलवावं, तुला फोन करावा, दादा अरे तो खरं बोलत होता म्हणावं, असं वाटलं. तुझ्या खांद्यावरचंही ओझं उतरेल असं वाटलं. मग पुढं बघितलं, कारण ती अजून तिथंच होती. पेरू विकणाऱ्या बाईकडून तिनं फोन मागून घेतला. कुणाशी तरी बोलली. मग कट्ट्यावर बसून राहिली. सावली सरकली तशी तीही सरकत होती. माझी आरोही, जिला दोन मिनिटं एका जागी बसवत नव्हतं.

तू जीपनं आलास. तो राखाडी शर्ट मीच पाडव्याला घेतला होता, त्यामुळे गाडीतून उतरतानाच कळलं. तरी मी मागं जाऊन पुन्हा बघितलं. तुझ्या जबाबात आहे की त्या दिवशी दिवसभर तू ढोकीच्या कारखान्यावर उसाच्या रांगेत होतास आणि तिचा तुला फोन आला नाही. चित्रात आवाज नसतो. पण बोलताना तुझे हात कसे हलतात ते मी लहानपणापासून बघतेय, मला आवाज लागत नाही. चार दिवस कळ काढ. आईची तब्येत बघ. मी बोलतो त्याच्याशी. तिनं बाही वर करून तुला दंड दाखवला. तू बघितलंस. मग इकडं-तिकडं बघून तूच तिची बाही खाली केलीस. तिला पाण्याची बाटली आणून दिलीस, तोंड पुसायला रुमाल दिलास, डोक्यावर हात ठेवलास, आणि माकणीकडं परत जायला लोहाऱ्याच्या गाडीत बसवून दिलंस. खिडकीतून ती तुझ्याकडं बघत नव्हती. गाडी गेल्यावरही तू बराच वेळ तिथंच उभा होतास.

तू तिला मरायला पाठवलं नाहीस, हे मला कळतं. आपल्याकडं सगळेच भाऊ असंच परत पाठवतात आणि संध्याकाळी जेवतात. माकणीला ती पोचली का, कुणी तिला पाण्याकडं नेलं की ती आपल्या पायानं गेली, ते मला माहीत नाही, ते रणधीरला विचारायला हवं होतं आणि वर्षभर कुणी विचारलंच नाही. तेवढ्यासाठी मी तुझ्याशी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित कधीतरी तेही गिळलं असतं. पण बुद्धघोष खरं बोलतोय हे या जगात त्याच्याशिवाय फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्यानंच फिर्यादीवर सही केली. बाराव्याला तू मोठ्यानं म्हणालास, "त्याला फाशी व्हायला पाहिजे." मी तुझ्या शेजारी बसले होते आणि तुझा हात धरला होता.

आज सकाळी मी ते सगळं चित्रीकरण, कुठल्या क्रमांकाचा व्हॉल्यूम आणि तेव्हा त्याच्या जागी कोरा कसा उघडला गेला याच्या नोंदीसकट, तपास करणाऱ्या साहेबांना दिलं आणि एक प्रत बुद्धघोषच्या वकिलाला दिली. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत पोलीस तुझ्याकडं आले असतील किंवा येत असतील. मामीला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नकोस, तू स्वतः सांग. तुला आधी का सांगितलं नाही, असं विचारशील. सांगणार होते. तेरला यायला पिशवीही भरली होती. पण तू समोर बसला असतास, पाणी आणून दिलं असतंस, डोक्यावर हात ठेवून म्हणाला असतास, दिपे, चार दिवस थांब, आईकडं बघ. आणि मी थांबले असते. आरोही तुझं ऐकून त्या गाडीत चढली, मीही चढले असते. म्हणून आधी ते देऊन आले, आणि मग तुला लिहायला बसले.

अजूनही तुझीच,
दिपा