जाते म्हणू नये

३ फेब्रुवारी

घेतलं! मला घेतलं! रंगाच्या कंपनीत! तीन महिने कच्ची, मग परीक्षा. पास झाले तर पक्की, नाही तर घरी.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या कंपनीचा वास खिडकीतून आत येतोय. पण आमच्या गल्लीतलं कुणी कधी तिच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. ह्यांनी एकदा विचारून पाहिलं, मी दोनदा. "इथली माणसं टिकत नाहीत हो, सारखी कुणाच्या तरी लग्नाला जातात" — असं तोंडावर सांगून पाठवलं. आता सरकारनं नियमच केला — कंपनी खासगी असली तरी निम्म्याहून जास्त माणसं इथलीच हवीत. झक मारत घेतलं!

ज्यानं कुणी हा नियम काढला त्याचं भलं होवो. दुकान बंद पडल्यापासून हे घरात बोलत नव्हते, आज चक्क शीळ वाजवली. सासूबाईंनी तर शेजारणीला दारातूनच ओरडून सांगितलं. ती दोनदा "काय?" म्हणाली, सासूबाईंनी दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं.

६ फेब्रुवारी

आम्हा नव्यांना तिथे 'कायदेवाले' म्हणतात. आज एक जण म्हणाला, "कायदेवाली आली, डबे सांभाळा." मीही सुनावलं — "आले कायद्यानं, पण टिकणार माझ्या हातानं!"

घरी येऊन रडले मात्र. न्हाणीघरात, नळ सोडून. बाहेरून सासूबाई — "पाणी काय फुकट येतं का गं?"

मला रंग जुळवायच्या खोलीत टाकलंय. गिऱ्हाईक एखादा तुकडा पाठवतं — फरशीचा, पडद्याचा, कशाचाही. अगदी तस्साच रंग बनवून द्यायचा. खोलीत एकच बाई, बाहेरच्या मुलखातली. सगळे तिला मावशी म्हणतात. मला पाहून म्हणाली, "बस पोरी. आधी नुसतं बघायला शीक."

९ फेब्रुवारी

मावशीचं बोलणं म्हणजे करमणूक! "तो बादली दे." "ती डबा कुठे गेली?" आणि घरी निघाली की रोज दारातून — "जाते हं!" अख्खा मजला ओरडतो, "येते म्हण, येते!"

मी तिला नीट समजावलं. जाते म्हणू नये. जाते म्हटलं की परत न येण्यासारखं वाटतं. येते म्हणायचं, मग समोरचा म्हणतो 'ये'.

"जाणारी बाई येते कशी म्हणेल? खोटं बोलते तुमची भाषा."

दुसऱ्या मिनिटाला पुन्हा "जाते हं!" कपाळाला हात लावला मी.

१८ फेब्रुवारी

मेले! मोठं पिंपभर रंग वाया घालवला.

पांढराच होता, त्यात काय चुकायचंय, असं वाटलं. ओला असताना तुकड्याशी तंतोतंत जुळला. सकाळी, रंग लावून वाळत ठेवलेला पत्रा बघते तर चांगला दोन छटा गडद! "ओला रंग खोटं बोलतो," मावशी पहिल्या दिवसापासून सांगत होती. मीच घाई केली.

साहेब लालेलाल होऊन आले. म्हटलं, संपलं, चला घरी. मावशी शांतपणे म्हणाली, "कँटीनची भिंत कधीची खराब आहे साहेब. तिला होईल." साहेब म्हणाले, "करा काय करायचं ते."

आता कँटीनची एक भिंत माझ्या चुकीच्या रंगाची आहे. पोरांनी तिला नाव ठेवलं — कायदेवाली भिंत. हसू दे मेल्यांना. नोकरी वाचली! मावशीचे उपकार कसे फेडू?

५ मार्च

पगार झाला. सासूबाईंना नवा चष्मा आला. तो लावून माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य — "अगंबाई, किती वाळलीस!"

२३ मार्च

चहाच्या वेळी मावशीनं विचारलं, "इथली म्हणजे कोण गं?"

"म्हणजे... इथलीच. माझ्यासारखी."

"तू तर लग्न करून आलीस ना?"

"हो, पण मी सून आहे इथली!"

"आणि मी?"

हिशेब केला तर ती माझ्याही आधीपासून इथे राहतेय! ती हसायला लागली. "मग माझंच चुकलं. रंग जुळवत बसले, नवरा जुळवायला हवा होता." चहा नाकातून आला माझ्या.

११ एप्रिल

मावशीला झालंय काय? श्वास घेऊ देत नाही. राखाडी झाला की लगेच हिरवा, हिरवा झाला की तपकिरी. "पुन्हा कर. पुन्हा." जरा मान वर केली की "इकडे बघ!" सासू परवडली!

म्हटलं, एवढी कसली घाई? म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय, हातचं काही राखायचं नाही." खिडकीजवळची तिची जागाही मला दिली. रंग खरा दिसतो तो खिडकीच्या उजेडातच. स्वतः कोपऱ्यात दिव्याखाली बसते. मी नको नको म्हटलं, पण ऐकेल तर शपथ.

चिडचिड होते, पण खरं सांगायचं तर इतकं जीव तोडून मला आजवर कुणी काही शिकवलं नाही. आईनंही नाही.

२ मे

उद्या परीक्षा. ह्यांनी आज भांडी घासली!

३ मे

पास!!

जुन्या फरशीचा तुकडा दिला — धड निळा नाही, धड राखाडी नाही. काळ्याचा एक थेंब जास्त पडणार होता, तो आवरला. पत्रा वाळेपर्यंत थांबले, अजिबात घाई केली नाही. साहेबांनी खिडकीत धरून पाहिलं आणि तुकडा कुठला, पत्रा कुठला, हे मलाच विचारलं!

"पक्की," म्हणाले. "चला, आमचाही आकडा जमला एकदाचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो डबे सांभाळा म्हणणारासुद्धा! मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. गालाला निळा रंग लागला. घरी येईपर्यंत मी तो पुसला नाही.

कुणाकुणाचे आभार मानू? नियम काढणाऱ्याचे मानते. साहेबांचे मानते. आणि मावशीचे तर जन्मभर! सासूबाई म्हणाल्या, "नुसतं म्हणू नकोस, तिला जेवायला बोलाव." रविवारी बोलावते.

५ मे

संध्याकाळी मावशी दारातून म्हणाली, "जाते हं."

मी डबा पुसता पुसता नेहमीसारखी ओरडले, "येते म्हण गं!"

"नाही पोरी. आज चुकले नाही मी."

मग तिनं सांगितलं — खोलीत पक्की जागा एकच होती. नियमानं ती इथल्या माणसाची. मी पास झाले की तिनं जायचं, असं ठरलेलं होतं. मी आले त्या दिवसापासून तिला माहीत होतं. रविवारच्या जेवणाचं बोलले, तर म्हणाली गाडी शनिवारची आहे.

जाते म्हणणाऱ्याला काय म्हणायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलंच नाही. मी म्हणाले, "ये, मावशी."