लिंगम्माच्या वासराच्या अकरा रेघा

जनवाडा,
ता. १८ जानेवारी १९८८

ति. सौ. सिद्धाक्काच्या पायी मल्लूचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, काल दुपारी लिंगम्माकाकूनं गोठ्यातल्या वासराकडं बोट दाखवलं आणि माझं जमत आलेलं सगळं उलटंपालटं झालं. तू तिकडं उदगीरला हसशील. हस.

लेकरांच्या हगवणीचे नमुने गोळा करायचं माझं काम तुला ठाऊक आहे. दवाखान्यातली नर्स शिवगंगा घरं दाखवती. मी बाटलीवर नंबर चिकटवतो आणि बर्फाच्या डब्यात घालून गुलबर्ग्याला डॉक्टर शोभाबाईंच्या प्रयोगशाळेत पोचवतो. बाई त्यातला विषाणू वेगळा काढतात, त्याच्या पोटातले अकरा धागे जेलीच्या पातळ वडीवर सोडतात. आखूड धागा पुढं पळतो, लांब मागं राहतो, आणि अकरा रेघा उमटतात, इरकलीच्या काठासारख्या. मौज बघ, गाव एक, थंडी एक, जुलाब सारखेच, पण काठ तीन तऱ्हेचे! रोग एकच वाटतो, आत विषाणूंचे वाण मात्र निरनिराळे.

काकूच्या नातवाची बाटली, नंबर सत्तावीस, चौथ्याच काठाची निघाली. माणसाच्या लेकरात असा काठ बाईंनी कधी पाहिला नव्हता. पुढच्या महिन्यात परिषदेत वाचायच्या निबंधात त्यांनी तो घातला, आणि खुशीत म्हणाल्या, की तुला कॉलेजात परत घ्यायला मीच प्राचार्यांना सांगते. शिवगंगेचं तर तुला माहीतच आहे. अर्ध्यावर सोडणाऱ्याशी लग्न करायचं न्हाई म्हणती.

म्हणून काल पेढे घेऊन काकूकडं गेलो. तुमच्या नातवाचा विषाणू साऱ्या जिल्ह्यात न्यारा, असं सांगितलं. तर ती पदर तोंडाला लावून हसायलीच. लेकराचं काही गावच्या शिवेपार गेलं की दृष्ट लागती, अन् नर्सबाईला न्हाई कसं म्हणावं, म्हणून तिनं हगवण लागलेल्या वासराचं भरून दिलं होतं!

असा राग आला, की डबाच विहिरीत फेकणार होतो. आता हे काकूला ठाऊक अन् मला. काकू बोलणार न्हाई, वासरू तर न्हाईच. गप बसलो तर कॉलेज मिळतं, शिवगंगाही मिळती. सांगितलं तर दोन्ही जातं. काय करू ते लगेच कळव.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नको.

तुझा,
मल्लू


उदगीर,
ता. २३ जानेवारी १९८८

चि. मल्लू यास अ. उ. आ.

तुझं पत्र दाजींनी मला दोनदा वाचायला लावलं. वासराचं नाव काय, असं विचारायलेत. पेढे शेवटी कुणी खाल्ले हे तू लिहिलं न्हाईस, म्हणजे तूच खाल्लेस.

आता ऐक. कॉलेजात सर म्हणाले, की ही आकृती तू पुस्तकातून उतरवलीस. तेवढ्यावर जर्नल फाडून, दार आपटून घरी आलास. अप्पांनी विचारलं तर त्यांच्यासमोरही दार आपटलंस. माझं खरं असताना मला खोटं म्हणले, हाच तुझा राग होता ना? मग आता खोटी आकृती खरी म्हणून मिरवायलीय, तर तो राग कुठं गेला?

काय करायचं ते मी सांगणार न्हाई, सांगितलेलं तू कधी ऐकलंस? पण वासराच्या जोरावर बायको आणलीस, तर जन्मभर त्या वासराच्या पाया पडावं लागंल, एवढं ध्यानात ठेव.

थंडी आहे, मफलर बांधत जा. खुशाली कळवायला आळस करू नको.

तुझी,
अक्का


जनवाडा,
ता. ९ फेब्रुवारी १९८८

ति. सौ. अक्काच्या पायी शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावरच चिडलो. तिसऱ्या दिवशी गुलबर्ग्याची गाडी धरली.

शोभाबाईंनी सगळं ऐकलं. टाइप केलेल्या निबंधातला एक अख्खा परिच्छेद पेनानं काटला, आणि मला असं झापलं, की मागचा मल्लू असता तर काचेचं एक भांडं शिल्लक राहिलं नसतं. नमुना डोळ्यांदेखत न घेता नुसता नंबर चिकटवतोस कामून, असं त्यांनी विचारलं. प्राचार्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं न्हाई. मीही काढलं न्हाई.

परत येऊन शिवगंगेलाही सांगितलं. तिनं पिशवी उचलली अन् दवाखान्याची वाट धरली. तशात काकूच्या धाकट्या नातीला जुलाब लागले, आणि या खेपेला काकूनंच निरोप धाडला. शिवगंगेनं पोरीला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. शिवेपार जायचंच असंल तर दृष्ट काढून जाऊ दे, असं तिनं काकूला सुचवलं. काकूनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधला. प्रयोगशाळेत सगळे त्या दोऱ्याकडं बघायलेत, पण बाईंनी सोडू दिला न्हाई. पोरगी आता अंगणात पळायलीय. तिचा काठ निघाला गावातल्या बाकी लेकरांसारखाच. न्यारा वाण वासराचा तो वासराचाच.

काल बाईंचं पाकीट आलं. शिफारस न्हाई. कॉलेजातल्या त्या सरांच्या नावानं एकच ओळ आहे, की ही चूक कुणी पकडली नव्हती, या मुलानं स्वतः आणून दिली. माफी तुझी तू माग, असं मला वेगळं लिहिलंय. सर घेतील का न्हाई, देव जाणे. शिवगंगेला दाखवलं. ती म्हणाली, की शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकलास तर तुझ्या अप्पांशी लग्नाचं मी स्वतः बोलेन. अक्का, हे व्हयच झालं की न्हाई? दाजींना विचारून कळव.

वासराचं नाव सोन्या आहे. पेढे मीच खाल्ले.

सरांची माफी मागायला आजच कॉलेजात निघालोय, गाडी बाहेर हॉर्न द्यायलीय. ट्रंक भरली, मफलर बांधला, पत्र वाटेत पेटीत टाकतो. तुझ्या आशीर्वादाची गरज आज जास्त आहे, हात आखडता घेऊ नको. निघालो. दार ओढून घेतो, हळूच.

तुझा,
मल्लू