एका काडतुसाची रायफल

लॉरेल फोर्क, केंटकी
ता. ४ सप्टेंबर १९६१

चि. डेन्झिल यास आजीचे अनेक आशीर्वाद.

ओहायोत गेल्यावर आपल्याला आजी आहे हे तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देते: ठेंगणी, दात कमी, जीभ शाबूत. पत्र नेहमीप्रमाणे शेजारची व्हर्नी लिहिते आहे. ती माझे शब्द गोड करते, तेव्हा कुठे गोडवा लागला तर तो तिचा आहे असं समज.

खाणीत दरड कोसळून तुझा बाप, माझा कार्लिस, गेला, त्याला पुरलं, आणि उन्हाळाही सरला. भोंगा वाजला की मी अजून वाटेकडे बघते, मग दुसरीकडे बघते. रडू येत नाही. लोक विचारतात कशी आहेस. मी बरी आहे म्हणते, ते निघून जातात.

कार्लिसची रायफल कुठे, असं तू विचारलंस. ती व्हर्नीच्या नवऱ्याला, हॉबर्टला दिली. कबर त्याने खणली, आणि त्या कामाचे पैसे आपल्याकडे कोणी घेत नाही. काहीतरी द्यायचं होतं, दारावर तीच टांगलेली होती. आता खारी मक्यावर बसून मला वेडावतात आणि थंडीत हंडीत टाकायला एक खारही मिळायची नाही. तिकडे एखादी स्वस्तातली, बारीक गोळीची पॉइंट टू-टू बघ, माझ्या खांद्याला पेलेल अशी. तुझ्या बापाला नेम धरायला मीच शिकवलं होतं.

आजी

डेटन, ओहायो
ता. १७ सप्टेंबर

ती. आजीस डेन्झिलचा सा. न. वि. वि.

दुकानात तीन पाहिल्या. पहिली आपोआप भरते. घोडा दाबत राहायचं, गोळ्या सुटत राहतात. दुकानदार म्हणाला, रविवारी पत्र्याचे डबे उडवायला हिच्यासारखी मजा नाही. दुकानामागे उडवून पाहिले, मजा आली, पण काडतुसांची डबी कधी संपली कळलं नाही. दुसरी दांडी खेचून भरायची, जुनी, देखणी, पण दांडी ढिली. तिसरी एकबारी: दर वेळी हाताने एकच काडतूस घालायचं. सगळ्यात स्वस्त आणि हलकी तीच. पोरांना शिकवायला घेतात म्हणे.

खरं सांगू? मला एकही घ्यायची नाही. तू इकडे ये. खाटीक कोपऱ्यावर आहे, खोलीत हीटर आहे. त्या डोंगरात एकटी पडलीस-झडलीस तर? हॉबर्टकाका भला माणूस. मागितलीस तर बाबांची रायफल परत देईल, ती घेऊनच ये. तू हो म्हण, मी न्यायला निघतो.

तुझा डेन्झिल

लॉरेल फोर्क
ता. २ ऑक्टोबर

चि. डेन्झिल यास आशीर्वाद.

तुझं पत्र व्हर्नीने वाचून दाखवलं. रायफल परत मागायची ओळही तिने गाळली नाही, हा तिचा मोठेपणा. संध्याकाळी हॉबर्ट रायफल घेऊन दारात. म्हणाला, अर्डेलामावशी, घ्या, मला ती भिंतीवर बघवत नाही. मी म्हटलं, "ठेव तुझ्याकडे. परत घेतली तर तू खड्डा फुकट खणल्यासारखं होईल, आणि माझ्या पोराला मी कुणाच्या उपकारात झोपवणार नाही." तो मान हलवून गेला. आता तरी काही वाटेल म्हणून मी दारात थांबले. काही वाटलं नाही. गार झालं तशी आत आले.

मी येत नाही, बाळा. कार्लिस इथे आहे, आणि त्याच्यासाठी रडायचं माझं अजून राहिलंय. तुझ्या हीटरपाशी येऊन बसले तर ते राहूनच जाईल.

एकबारी पाठव. पोरांची तर पोरांची. खारीच्या डोक्यात एक गोळी बसली तर मांस नासत नाही. चुकली तर दुसरं काडतूस घालेपर्यंत म्हातारीला श्वास घेता येतो. आपोआप भरणारी तुला घे आणि खुशाल डबे उडव. नाताळात इकडे ये, मग बघू कोण जास्त पाडतं. व्हर्नी हसते आहे. तिने माझा नेम पाहिलेला नाही.

लोभ आहे तो थंडीत गोठू देऊ नकोस. रायफलीच्या खोक्यात कॉफी घाल, पण पुडी लहान असू दे. जास्त असली की मी अजून दोघांची करते.

आजी