रातव्याशिवाय काही नाही

३ मार्च, सोमवार
भंडाऱ्याहून पुण्यात आलो आणि पहिल्याच दिवशी नोकरी आवडली. वारज्याच्या टेकडीवरचे रातवे, म्हणजे रात्री बोलणारे पक्षी, मोजायचे, तेही खुर्चीत बसून. वर झाडाला बांधलेलं मशीन रात्रभर आवाज टिपतं आणि सकाळी रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर येतं. रातवा कितीदा बोलला ते मी वहीत लिहायचं. फरशीवर गोटी टप्पे खात जाते, तसा बोलतो बेटा. बॅटरी बदलायला पायथ्याच्या गावठाणातले संपतराव संध्याकाळी वर जातात. मी अख्खी रात्र ऐकतो याचं त्यांना भारी अप्रूप. मशीनजवळ तोंड नेऊन रोज मला रामराम घालतात.

९ मार्च, रविवार
खरं सांगायचं तर मी पहिली दहाच मिनिटं ऐकतो. संपतरावांचा रामराम, एक-दोन रातवे, बास. बाकीचे आकडे अंदाजाने. अकरा तास किरकिर कोण ऐकणार?

१३ मार्च, गुरुवार
संपतराव काल घरी परतले नाहीत. त्यांच्या मुलीचा, तनुजाचा फोन आला. रेकॉर्डिंगमध्ये काही आहे का, विचारत होती. दहा मिनिटांत रामराम नव्हता. मी सांगून टाकलं, सगळं ऐकलंय, ते वर आलेच नाहीत. वहीत लिहिलं, रातव्याशिवाय काही नाही. मग घरच्यांनी टेकडी सोडून पाहुण्यांकडे शोध सुरू केला.

१५ मार्च, शनिवार
सापडले. मशीनखालच्या जुन्या खाणीत. डॉक्टर म्हणाले, काल सकाळपर्यंत जिवंत असावेत.
आज सगळं ऐकलं. बुधवारी ते उशिरा चढले होते. पडल्यावर दोन रात्री बोलत होते, माझ्याशीच. बद्रीभाऊ, खाणीत पडलोय, पाय मोडलाय, सकाळी ऐकाल तवा माणसं धाडा. दुसऱ्या रात्रीही रागावले नाहीत. काल ऐकलं नसंल, आज ऐकाल, म्हणाले. मध्ये मध्ये रातवा.
त्यांचा आवाज असलेलं एकूण एक रेकॉर्डिंग मी पुसलं. माझी मलाच किळस येते.

१८ मार्च, मंगळवार
वर कोणी जात नाही. बॅटरी केव्हाच संपली असणार. तरी रोज सकाळी रेकॉर्डिंग येतंय. आता पूर्ण ऐकतो. रातवाच आहे — पण थांबत थांबत, माणूस बोलताना श्वास घेतो तसा —

२० मार्च, गुरुवार
आज शब्द कळले. आधी रामराम. मग माझं नाव. तनुजाचा फोन तीनदा वाजला, उचलायचं तोंड नाही मला —

२१ मार्च, शुक्रवार
तनुजा ऑफिसात आलीय. बाबांचा एखादा रामराम ऐकायचाय म्हणाली. पुसलेत हे सांगवलं नाही. त्यांचा आवाज काही सापडत नाही, नुसता पक्षी आहे, म्हणालो. तोच ऐकते म्हणाली. आजचं लावून दिलं.
समोर बसलीय, कानाला हेडफोन. तिच्याकडे बघवत नाही म्हणून हे लिहितोय.
रडत नाहीये. माझ्याकडे बघतेय —
हेडफोन काढला. विचारतेय, दोन रात्री बाबा तुम्हाला —