दोन बटणांचं किट

पनवेल,
१३ फेब्रुवारी १९९४

प्रिय सुशांत,

तुला आणि रेवाला खूप आशीर्वाद. तिचं नाव पत्रात लिहायला मला आठ महिने लागले, पण आज लिहिलं. मी मजेत आहे. शेजारी कमळाबाई आहेत, तोवर आमच्याकडे काय शिजलं ते साऱ्या आळीला कळत राहील.

तुला हसू येईल अशी बातमी देते. तुझी आई सोल्डरिंग शिकली! टेपचा आवाज हेडफोनमध्ये मोठा करणारा अँप्लिफायर घरीच जोडायचं मी ठरवलं आणि स्टँडजवळच्या रेडिओ पार्ट्सच्या दुकानात गेले. दुकानदार भरतने दोन किट समोर ठेवली. एक आयसीचं, म्हणजे एकाच चिपवर चालणारं, सुटसुटीत. दुसरं ट्रान्झिस्टरचं, त्यात मूठभर पार्ट.

"मावशी, आयसीचं न्या. सोल्डरचे डाग कमी द्यावे लागतात, चुकाही कमी होतात. मुलासाठी ना?"

"माझ्यासाठी."

तो खोक्यांवरची धूळ पुसू लागला. तोवर मी दोन्ही माहितीपत्रकं वाचून काढली. आयसीच्या किटला आवाजाचं एकच बटण. ट्रान्झिस्टरच्याला दोन, डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळी.

"हेच दे."

"दोन बटणं कशाला? दोन्हीकडे सारखंच ऐकायचं ना?"

"मला आवडतात," म्हटलं.

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कारखाना होता. रेझिस्टन्सचे रंगीत पट्टे भिंगातून वाचले, मेणकापडाला एक भोक पाडलं. शेवटी ऐटीत स्विच दाबला, तर एक कंडेन्सर उलटा बसलेला! कमळाबाई धावत आल्या, "अहो, काय फुटलं?" मला मात्र धूर दिसल्यावरच कळलं.

काल दुसरा कंडेन्सर लावला. डावं बटण निम्मं फिरवलं, उजवं अगदी शेवटपर्यंत. आणि व्हायोलिन दोन्ही कानांत आलं रे! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

आता लिहूनच टाकते. दोन वर्षांपासून मला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. डावाही मंदावलाय. दिवाळीत तुझा फोन आला, तो मी ठेवला. तुला वाटलं, लग्नाचा राग. राग होता, खोटं कशाला बोलू? रजिस्टर लग्न केल्याचं पोस्टकार्डाने कळवलंस, ते फार लागलं. पण फोन त्यासाठी नाही ठेवला. चार वेळा "कोण?" विचारलं. पलीकडून नुसती खरखर. तो तू होतास हे मला गेल्या महिन्यात रेवाच्या पत्रातून कळलं. तिने तुला न सांगता लिहिलं. तिला रागावू नकोस, माझ्यापेक्षा शहाणी आहे ती.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खरखरीतून लोकांची नावं ओळखली, त्यांना जोडून दिलं. आणि स्वतःच्या मुलाचा आवाज ओळखता आला नाही. हे कुणाला सांगायचीच लाज वाटली. म्हणून डॉक्टरकडे न जाता आधी भरतच्या दुकानात गेले. येत्या मंगळवारी कान दाखवणार आहे. यंत्र लावा म्हणाले तर लावेन.

फोन करू नकोस. होळीला रजा काढून घरी ये. एकटा आलास तर दार उघडणार नाही.

तुमची दोघांची,
आई